पक्का कागद

हॉस्पिटलच्या काउंटरवरचा राजेंद्र तो कागद फाडायला निघाला होता. मधोमध घडी घालून घडीवरून त्यानं नखही फिरवलं होतं, आणि तेवढ्यात बाटलीत पाणी भरून घ्यायला म्हणून गिरिजा तिथून गेली नसती तर पुढची सगळी भानगड झालीच नसती. पण ती गेली, आणि माणूस दिसला की बोलायचंच या आपल्या सवयीनं राजेंद्रनं तिला सांगितलं, की मॅडम, हा रिपोर्ट डबल निघालाय, मंगळवारपासून ट्रेमध्ये पडून आहे. बस्सीवाल्या बाईंचा जावई तर मंगळवारी एक वाजताच घेऊन गेला. यात विशेष काही नव्हतं. कागद डबल निघतात आणि फाडले जातात. गिरिजानं हात पुढे केला, राजेंद्रनं कागद हातावर ठेवला, आणि घडी उलगडून तिनं पाहिलं तर खाली तिची सही होती, वर कैलाशी देवी, वय बावन्न, आणि मधे मंगळवारी दुपारी चार वाजता तिनं स्वतः टाइप केलेल्या सहा ओळी. म्हणजे एक वाजता जावई जो घेऊन गेला तो हा कागद नव्हता. तो दुसरा होता, आणि तो दुसरा कॉम्प्युटरमध्ये आता कुठेच नव्हता. गिरिजानं बाटली भरून घेतली, झाकण लावलं, 'रहने दो भैया, मैं देखती हूँ,' असं म्हणाली आणि आपल्या खोलीत येऊन बसली. हातातली बाटली ठेवायला टेबलावर जागा सापडेना, आणि टेबल तर जवळजवळ रिकामं होतं.

रिकामं असण्याचं कारण ती निघाली होती. जयपूरच्या टोंक रोडवरच्या त्या खासगी हॉस्पिटलात अकरा वर्षं पॅथॉलॉजिस्ट म्हणून काढल्यावर ऑगस्टअखेर तिनं राजीनामा दिला होता, आणि तीन महिन्यांची मुदत या नोव्हेंबरच्या तीस तारखेला संपत होती. आज वीस. खणातल्या जुन्या डायऱ्या, सुकलेली पेनं, कुठल्याशा परिषदेत मिळालेली कापडी पिशवी, असं सगळं तिनं मागच्याच आठवड्यात निकालात काढलं होतं. पॅथॉलॉजिस्ट म्हणजे काय हे तिला लोकांना नेहमी समजावून सांगावं लागे. ऑपरेशन करून काढलेला तुकडा मेणात बसवतात, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढतात, रंगवतात, आणि ती ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून काय आहे ते लिहिते. औषध ती देत नाही, कापाकापी करत नाही, आणि ज्याचा तो तुकडा असतो तो माणूस तिला कधी दिसत नाही. अकरा वर्षांत अशी चाळीसेक हजार माणसं तिच्या डोळ्यांखालून गेली असतील आणि त्यांतलं एक समोरून आलं तर तिनं ओळखलं नसतं. याचं तिला आधी बरं वाटायचं. मग केव्हातरी वाटेनासं झालं. जे सापडायचं ते सापडून तिथेच राहायचं. लिहून द्यायचं, सही करायची आणि पुढची काच उचलायची. तिनं लिहिल्यामुळे काचेवरची एक पेशीसुद्धा हलत नसे.

मंगळवारी झालं ते असं. जयपुरात पित्ताशयं फार येतात, दिवसाला सात-आठ, आणि त्यांतली बहुतेक सगळी सारखीच असतात: खडे, जुनी सूज, बाकी काही नाही. त्यामुळे परदेशातून इंटर्नशिप करून आल्यावर गिरिजानं हॉस्पिटलसाठी एक छोटासा प्रोग्राम लिहिला होता. एक बटण दाबलं की सूज आणि खडेवाला नेहमीचा मजकूर आपोआप पडद्यावर उतरे. सगळ्या खात्यानं त्याचं कौतुक केलं होतं, आणि आपण डॉक्टर म्हणून जे केलं त्यातलं काहीच हे लोक इतक्या खुशीनं वापरत नाहीत असं तिला वाटून गेलं होतं. मंगळवारी अकरा वाजता कैलाशी देवींच्या नंबरापुढे तिचं बोट त्या बटणावर गेलं. ती काच तिनं पाहिलेलीच होती. एका तुकड्याच्या कडेला तीन-चार ग्रंथी जशा असाव्यात तशा नव्हत्या हे तिच्या कच्च्या टिपणात तिच्याच हातानं लिहिलेलं होतं. पण त्याच्या मागची पाच आणि पुढची दोन साधी होती, आणि बोट त्या लयीत चाललं होतं. चार वाजता टिपणं आवरताना तिच्या ध्यानात आलं. तेव्हा तिनं काय करायचं होतं, तर सुधारित अहवाल काढायचा, त्यावर 'आधीचा रद्द' असं लिहायचं आणि सर्जनला फोन करायचा. अकरा वर्षं तिनं हेच केलं होतं, ज्युनियरांना हेच करायला लावलं होतं. त्या दिवशी तिनं चुकीचा अहवाल निवडला आणि पुसून टाकला. जागा कोरी झाली. मग त्या कोऱ्या जागेत तिनं खरा अहवाल लिहिला, जसं काही तो पहिल्यापासून तिथेच होता, आणि छातीत काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटून चहाला गेली.

हे मोकळं होणं तिच्या ओळखीचं होतं. ते तार्तूचं होतं. एस्टोनियातल्या त्या लहानशा शहरात ती मागच्या जानेवारीत पोचली तेव्हा दुपारी साडेतीनला दिवे लागत होते आणि रस्त्यावरच्या बर्फाला लोकांनी राख टाकून चालण्याजोगं केलं होतं. दोन वर्षं संध्याकाळी जयपूरच्या मानसरोवर भागातल्या घरी बसून तिनं प्रोग्रामिंग शिकून घेतलं होतं. मग पेशींच्या काचा कॉम्प्युटरवर पाहण्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या तिथल्या एका कंपनीनं डॉक्टरांसाठी चार महिन्यांची इंटर्नशिप ठेवलेली तिला दिसली, आणि छत्तिसाव्या वर्षी ती पुन्हा इंटर्न झाली. हे तिनं कुणाला सांगितलं की लोक आधी हसत आणि मग काळजीत पडत. हॉस्पिटलनं बिनपगारी रजा दिली, कारण लोकांना वाटलं बाई चार महिने हिंडून येईल. तिथे ऑफिसात बूट दाराशी काढावे लागत; पहिल्याच दिवशी तिच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, आणि दहा माणसांनी ते पाहूनही काही न पाहिल्यासारखं केलं. तिथे सगळेच गप्प असत. जयपुरात कुणी दहा मिनिटं गप्प बसलं तर घरात काहीतरी झालंय असं धरून चालतात. तिथे लोक खुशीत गप्प बसत, आणि चार दिवसांत गिरिजालाही ते जमलं. तिला शिकवायला मार्ट नावाचा सव्वीस वर्षांचा मुलगा होता. दोन आठवडे त्यानं तिचं काम लांबूनच पाहिलं. मग एक दिवस तो खुर्ची ओढून शेजारी बसला आणि तिच्या पडद्यावर बोट ठेवून विचारता झाला, की हे सगळं काय आहे?

हे सगळं म्हणजे तिच्या चुका होत्या. प्रोग्रामची एखादी ओळ चुकली की ती ओळ न पुसता तिच्यापुढे दोन तिरप्या रेघा मारायची, म्हणजे यंत्र ती वाचत नाही, आणि शेवटी आपली आद्याक्षरं आणि तारीख घालायची. मग खाली बरोबर ओळ. तिच्या पानावर चालू ओळींपेक्षा मारलेल्या ओळी जास्त झाल्या होत्या. प्रयोगशाळेत असंच करतात. खोडरबर नाही, पांढरी शाई नाही, गिरवणं तर नाहीच. चुकलेल्यावर एकच सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी सही-तारीख. ती हे मेडिकलला शिकली असं सगळे समजत, पण ती आठ वर्षांची असल्यापासून करत होती, कारण तिचे वडील रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि पाढ्यांच्या वहीतसुद्धा त्यांना खाडाखोड चालत नसे. 'चुकलं ते दिसू दे की,' ते सांगलीच्या हेलात म्हणत, 'लपवतेस कुणापासनं?' मार्टला तिनं यातलं जमेल तेवढं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, की आमच्याकडेही काहीच हरवत नाही. प्रत्येक बदल, प्रत्येक चूक, कुणी केली आणि केव्हा, हे सगळं खाली साठवलेलं असतं आणि केव्हाही बाहेर काढता येतं. 'म्हणून वर फक्त चालतं तेवढंच ठेवायचं. पूस. तू पुसलंस म्हणून ते जात नाही.' तिनं चाळीसेक ओळी निवडल्या आणि बटण दाबलं. त्या दिवशी ती नदीच्या कडेनं बराच वेळ चालली. नाकाचा शेंडा बधिर झाला तरी तिला परत फिरावंसं वाटेना. कोटा शहरातलं चार वर्षांचं लग्न संपवून एक सुटकेस घेऊन जयपूरला उतरली त्या दिवशीही तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं. सॉफ्टवेअरमध्येच जायचं हे तिनं त्या नदीकाठी ठरवलं. लोकांना ती कारणं वेगळी सांगे: नवं क्षेत्र, सूक्ष्मदर्शकामुळे दुखणारी मान, एकटीला कुठेही राहता येतं. ती कारणंही खोटी नव्हती.

आता खोलीत बसून तिनं त्या गुरुवारचं काम पुढे रेटायचा प्रयत्न केला. बुधवारी तिनं त्याच तुकड्याचे आणखी काप मागवले होते. ते येऊन पडले होते, म्हणून ते पाहिले. शंका कमी झाली नाही, वाढली. रोग अगदी सुरुवातीचा असावा. लवकर दुसरं ऑपरेशन झालं तर बाई बरी होईल, आणि नाही झालं तर वर्षभरात काय होईल ते तिला ठाऊक होतं. सर्जन डॉक्टर माथुर पुतणीच्या लग्नाला उदयपूरला गेले होते आणि सोमवारी येणार होते. त्यांचा फोन लागेना. तिनं निरोप लिहिला: 'कैलाशी देवी, पित्ताशय, कृपया रिपोर्ट पाहावा.' आधीच्या कागदाबद्दल एक ओळ लिहिली, वाचली आणि पुसली. बटण इथेही होतंच. मग तिनं वॉर्डातून माहिती काढली, तेव्हा कळलं की त्या बाईंना टाके गावी बस्सीतच काढून घ्या असं सांगितलं होतं. रिपोर्टमध्ये काही निघालं तरच परत यायचं. रिपोर्टमध्ये काही निघालं नव्हतं. हॉस्पिटलचं ते सॉफ्टवेअर खाली काही साठवत नसे. एकदा पुसलं की गेलं. हे गिरिजाइतकं कुणालाच माहीत नव्हतं, कारण दोन वर्षांपूर्वी याबद्दल लेखी तक्रार तिनंच केली होती, आणि तिला लेखी उत्तरही आलं होतं की सूचनेची नोंद घेतली आहे.

आणि सरळ सांगायचं तर, यात तिचं सगळंच अडकलं होतं. चुकीचा अहवाल रोग्याच्या हातात गेला हे कबूल केलं की चौकशी समिती बसते. समिती बसली की दोन-तीन महिने कुणाला कार्यमुक्तीचं पत्र मिळत नाही. तार्तूच्या कंपनीनं तिला नोकरी देऊ केली होती ती एक डिसेंबरपासून, आणि डॉक्टरी सामानाशी संबंधित धंदा असल्यानं मागच्या संस्थेचं, कसलीही चौकशी बाकी नसल्याचं पत्र त्यांना हवं होतं. मार्टनं आपल्या पद्धतीनं, एकही जास्तीचा शब्द न वापरता, कळवलं होतं की जागेसाठी रांगेत आणखी दोघं आहेत. कबूल केलं नाही तर दहा दिवसांत ती विमानात असणार होती. पहिला कागद अस्तित्वात असल्याचा सगळ्या जगात एकच पुरावा होता, आणि तो बस्सीत कुणाच्या तरी घरी होता. हे तिच्या मनात आलं तेव्हा ती थोडी चमकली. विचार वाईट होता म्हणून नव्हे. तो इतका व्यवस्थित मांडून कुणीतरी आधीच तयार ठेवला होता म्हणून. तिला मंगळवार पुन्हा आठवला. पडद्यावर प्रत्येक अहवालाच्या उजव्या कोपऱ्यात, करड्या रंगात, तो किती वेळा छापला गेला त्याचा बारीक आकडा असतो. तिथे शून्य असायचं किंवा एक, आणि एक म्हणजे कागद बाहेर पडलेला. पुसण्याआधी तिनं तो पाहिला होता का? डोळ्यांची सवय अशी, की कडेच्या तीन ग्रंथीसुद्धा सुटत नाहीत. कोपरा आठवत होता, त्यातला करडा रंग आठवत होता. आकडा काही केल्या आठवत नव्हता.

संध्याकाळी घरी आली तेव्हा बाबा गच्चीवरून दिवसाचं तापमान पाहून वहीत लिहीत होते. श्रीधर सोहनी निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली, आई जाऊन सहा. तापमान ते रोज लिहितात, ते कुणाला हवं असतं म्हणून नव्हे. तिनं गाजरं किसायला घेतली. किसता किसता तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, 'बाबा, तुमचं कधी चुकीचं छापून गेलं? मतलब, छापून झाल्यावर कळलं, असं?' त्यांनी वही मिटली. अठ्ठ्याऐंशी साली, ते म्हणाले, एका निबंधात एक आकडा दशांशाच्या एका घरानं चुकला होता. वर्षभरानं कळलं. त्यांनी संपादकांना पत्र लिहिलं, आणि मग पुढच्या एका अंकात शेवटच्या पानावर, वर्गणीच्या निवेदनाखाली, दोन ओळींची दुरुस्ती आली. तिनं विचारलं, ती कुणी वाचली का. 'कुणी कशाला वाचतंय,' बाबा म्हणाले. 'मूळ निबंधच चौघांनी वाचला असेल. पण आहे तिथं.' मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि गाजरं फार झाली, दोघांना एवढी कशाला, असं विचारलं. त्यांना काही कळलं होतं की नव्हतं, कुणास ठाऊक. ती लहान असताना त्यांना सगळं कळतं असं तिला वाटायचं, आणि त्या वाटण्याचा तिला अजून राग येत असे.

शुक्रवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सकाळी कैलाशी देवींच्या जावयाला फोन लावला. तो जीप चालवतो, फोनवर मागून प्रवासी ओरडत होते. सासूबाई घरीच आहेत, पाण्याच्या टाकीमागे विचारा, कागद त्यांच्यापाशीच, असं त्यानं सांगितलं. फोनवर एवढंच म्हणता आलं असतं की त्यांना घेऊन सोमवारी या. पण असलं फोनवर सांगू नये, समोर जाऊन सांगावं, असं तिनं स्वतःला बजावलं, आणि नारायणसिंह सर्कलवर आग्रा रोडच्या बसमध्ये खिडकीपाशी बसल्यावर तिला लख्ख दिसलं की ती कागद आणायला चालली आहे. पिशवीत खरा अहवाल होता, घडी पडलेला. तो द्यायचा, जुना घ्यायचा. यात बाईचं नुकसान काहीच नव्हतं, उलट फायदाच. खरा कागद मिळाला की तिचे उपचार वेळेत सुरू होतील. चूक राहतेच कुठे, जर ती कुणाच्याच अंगाला लागली नाही? गिरिजानं हा हिशेब दोन-तीनदा तपासला आणि त्यात खोट सापडली नाही, याचंच तिला बरं वाटेना. बस घाटाच्या बोगद्यात शिरली, दिव्यांच्या पिवळ्या पट्ट्या तिच्या हातांवरून सरकत गेल्या, आणि बाहेर पडल्यावर ऊन एकदम मोठं झालं. शेजारच्या म्हातारीनं न विचारता तिच्या मांडीवर आपली पिशवी टेकवली आणि ती झोपी गेली. पिशवीत काहीतरी गरम होतं. वाटेतल्या कानोता गावापर्यंत ती ऊब मांडीला लागत राहिली, आणि गिरिजाला वाटलं, आपण जिवंत माणसाला स्टेथोस्कोप लावून किती वर्षं झाली? तेरा. तार्तूत तिला लोकांचा स्पर्श होत नसे याचं किती सुख वाटलं होतं, आणि ते अजून वाटत होतं. तिला तिकडे जायचंच होतं. हेही तिनं बसमध्ये पुन्हा तपासून पाहिलं: हो, जायचंच होतं, मनापासून.

घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात खाट टाकून एक बाई उन्हात मटार सोलत बसली होती. डावा हात मधूनमधून पोटाच्या उजव्या बाजूला जाऊन येत होता. गिरिजानं ओळखलं असं म्हणता येणार नाही, पण हात कुठे जातो हे तिला बरोबर कळलं. बाईची मुलगी पाणी घेऊन आली. गिरिजा म्हणाली, की मी हॉस्पिटलातून आले, तुमची तपासणी मी केली होती.

'आपको देखा तो नहीं वहाँ,' कैलाशी देवी म्हणाली.

'मैं अंदर बैठती हूँ. दूरबीन पे.'

बाईनं खाटेखालून औषधाची एक जुनी बाटली काढून दाखवली. हॉस्पिटलातून आणलेले खडे होते, हिरवट-काळे. हे पण तुम्ही पाहिले होते का, असं तिनं विचारलं, आणि गिरिजा हो म्हणाली तेव्हा तिला समाधान वाटलेलं दिसलं. आपल्या आतलं कुणीतरी नीट पाहिलं होतं आणि ती बाई एवढ्या लांबून घरी आली होती. मुलीला तिनं चहा टाकायला सांगितलं. गिरिजा खाटेच्या कडेवर बसली आणि म्हणाली, की तो मंगळवारचा कागद जरा दाखवता?

मुलगी आत जाऊन देवाच्या कोनाड्यातून तो घेऊन आली. गिरिजानं हात पुढे केला आणि हाताला काहीतरी कडक, गुळगुळीत लागलं. कागद प्लॅस्टिकमध्ये बंद होता. चारी कडा चिकटवलेल्या, कोपरे गोल कापलेले. खाली उजवीकडे, तिच्या सहीच्या बरोबर वर, कुंकवाचं बोट लागलं होतं.

'बस स्टैंड पे पक्का करवा लिया,' मुलगी म्हणाली. 'माँ ने कहा, ठीक होने का कागज है, खराब नहीं होना चाहिए.'

अंगणातलं ऊन त्या प्लॅस्टिकवर पडून गिरिजाच्या डोळ्यांत जात होतं. तिनं तो जरा तिरका धरला आणि वाचला. जुनी सूज, खडे, बाकी काही नाही. मजकूर तिचाच होता, एका बटणात उतरलेला, त्यात स्वल्पविरामसुद्धा चुकलेला नव्हता. तिनं मंगळवारी जो पुसून टाकला होता त्या कागदाची इथे रोज सकाळी पूजा होत होती. तिला हसू आलं नाही. तिला लाज वाटली, साधी, शाळेतल्यासारखी, कानाच्या पाळ्या गरम करणारी लाज, आणि तिच्यापाठोपाठ भीतीही वाटली. मग तिनं सांगितलं. फार जुळवाजुळव न करता, तिला येत होतं तेवढ्या सोप्या हिंदीत: हा कागद चुकीचा आहे, चूक माझी आहे, तुमच्या पित्ताच्या थैलीत एका जागी खराबी दिसली आहे, ती लवकर दिसली आहे, आणि सोमवारी मोठ्या डॉक्टरांना भेटायलाच हवं.

कैलाशी देवीनं हातातली शेंग सोलून संपवली. दाणे परातीत टाकले.

'पर थैली तो निकाल दी ना,' ती म्हणाली. 'अब तो पेट में है ही नहीं.'

'थैली निकाल दी. आसपास देखना पड़ेगा.'

'बच जाऊँगी?'

हा प्रश्न अकरा वर्षांत गिरिजाला कुणी विचारला नव्हता. 'जल्दी जाओगी तो बहुत उम्मीद है,' ती म्हणाली, आणि हे खरं होतं म्हणून तिचा आवाज ठीक राहिला. बाईनं मान हलवली. ती रडली नाही. चहा बघायला आत गेलेली मुलगी चुलीपाशी उभी होती, तिच्या हातातली पकड खाली पडल्याचा आवाज आला. मग बाईनंच, बाजारात नाणं बदलून घ्यावं तसं, हात पुढे केला आणि म्हणाली की हा खोटा तुम्ही घेऊन जा, खरा मला द्या.

इतकं ते सोपं होतं. मागावंही लागलं नाही. पक्का कागद गिरिजाच्या मांडीवर होता आणि पिशवीचं तोंड उघडं होतं. तिनं पिशवीत हात घालून पेन काढलं. का काढलं हे तिला ते हातात आल्यावर कळलं. जुन्या मजकुरावर, डावीकडून उजवीकडे, तिनं एक सरळ रेघ ओढली. पेन घसरत गेलं. प्लॅस्टिकवर शाईचे दोन-तीन बारीक ठिपके राहिले, बाकी काही उमटलं नाही. तिनं पुन्हा ओढली, जोर लावून, तर ठिपके अंगठ्याखाली येऊन पुसले गेले. खालची प्रत्येक ओळ स्वच्छ वाचता येत होती. खाटेवरची आई आणि दारात आलेली लेक, दोघी ती काय करते आहे ते बघत होत्या. शेवटी तिनं घडी पडलेला दुसरा अहवाल मांडीवर पसरला, त्याच्याखाली टेकू म्हणून तो कडक कागद घेतला, आणि आपल्या सहीखालच्या कोऱ्या जागेत, कुणालाही वाचता यावं म्हणून हिंदीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं: मंगलवार दिनांक अठारह को इसी नंबर की जो रिपोर्ट दी गई थी वह ग़लत थी. ग़लती मेरी है. वह रिपोर्ट मैंने कंप्यूटर से मिटा दी थी. खाली पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, आजची तारीख आणि वेळ. शेवटचं वाक्य लिहावं की नाही यावर ती क्षणभर अडली होती. ते लिहिल्यावर समितीला विचारायला फारसं काही उरणार नव्हतं. सोमवारी डॉक्टर माथुर हे वाचतील, मंगळवारपर्यंत वर जाईल, आणि तीस तारखेला तिला जे पत्र मिळायचं होतं ते मिळणार नाही. मार्टला कळवावं लागेल. तो वाईट शब्द वापरणार नाही, चांगलाही वापरणार नाही, आणि रांगेतल्या दोघांतल्या एकाला बोलावून घेईल. तिला त्या क्षणी त्या नदीकाठचा गारवा नाकाच्या शेंड्यावर जाणवला, आणि ते फार दुखलं.

चहा आला. तो फार गोड होता. तिनं तो सगळा प्यायला.

दोन्ही कागद तिनं बाईच्या हातात दिले. बाईला अर्थातच ते कळेना. नव्याकडे आणि जुन्याकडे आळीपाळीनं बघून तिनं विचारलं, की मग हा खोटा कशाला ठेवायचा. चुलीत टाकून देते.

'नहीं,' गिरिजा म्हणाली. 'इसको फेंकना मत. सोमवार को दोनों लेके आना. दोनों साथ में दिखाना.'

'डाक्टर पूछेगा, ये क्या है, तो?'

'तो मेरा नाम बताना. लिखा है.'

मुलीनं कागद आत नेले. दारातून कोनाडा दिसत होता. तिनं आधी नवा ठेवून पाहिला, पण तो पातळ होता, घडीवर वाकून पुढे घसरला; पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. मग तिनं पक्का कागद मागे उभा केला आणि नवा त्याला टेकवला. तेव्हा तो राहिला. गिरिजानं चपला पायांत सरकवल्या आणि जयपूरची बस किती वाजता आहे ते विचारलं.